सोळा चौकटी

यंदा दिवाळीला धाकटी आली ती लॅपटॉप घेऊनच. फराळाची ताटली एका बाजूला, लॅपटॉप दुसऱ्या बाजूला, आणि चेहरा असा की जणू अख्ख्या घराच्या चकलीची भाजणी हिच्यामुळेच बिघडली आहे. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान करून बाहेर आली आणि पुन्हा त्यातच डोकं घालून बसली. शेवटी मी विचारलं, "काय गं, झालंय तरी काय?"

"बाबा, माझ्यामुळे एक अक्षर हरवलंय."

पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या माणसासमोर कोणी अक्षर हरवल्याचं बोललं तर तो गप्प कसा बसणार? खुर्ची ओढून बसलो. तिने जे सांगितलं, आणि नंतर दोन-तीन महिने तिला छळून छळून मी जे वाचलं, ते आज लिहितोय. संगणकवाल्या मंडळींना यातलं बरंचसं माहीत असेल. त्यांनी चुका दाखवाव्यात. नातेवाइकांनी मात्र 'दादांना आता हे काय सुचलं' असं न म्हणता शेवटपर्यंत वाचावं, कारण शेवटी रामचंदर आहे, आणि तो आपल्यातल्या काहींना माहीत आहे.

आधी धाकटीचं काम काय ते सांगतो. ती मोठ्या सर्व्हरचं फर्मवेअर लिहिते. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या चिपमध्येच भरून ठेवलेला प्रोग्राम. बटण दाबलं की विंडोज, लिनक्स वगैरे मंडळी जागी व्हायच्या आधी हा उठतो, घरात कोण कोण आहे ते मोजतो आणि प्रत्येकाच्या नावाची यादी करून पुढच्यांच्या हाती देतो. सर्व्हरच्या पाटावर मेमरीच्या पट्ट्या बसवायच्या पुष्कळ खाचा असतात. प्रत्येक खाचेशेजारी बारीक पांढऱ्या अक्षरांत तिचं नाव छापलेलं असतं आणि यादीतही तेच नाव असतं. एखादी पट्टी चुका करू लागली की तिच्या नावासकट नोंद होते. माणूस ते नाव वाचतो, पाटावर तेच नाव शोधतो आणि पट्टी बदलतो. माझ्या मते हे फार शहाणपणाचं आहे. आमच्या इमारतीत विजेच्या मीटरवर अशी नावं असती तर मागच्या उन्हाळ्यात भलत्याचीच वीज बंद झाली नसती.

तर त्या यादीत प्रत्येक नावाला सोळा चौकटी होत्या. दहावीच्या परीक्षेच्या अर्जात नावासाठी चौकटी असायच्या ना, एका चौकटीत एक अक्षर, तशाच. आणि एका मोठ्या यंत्रातलं नाव होतं 'सीपीयू१_सीएचए_डीआयएमएम_ए१'. आपल्या लिपीत लांबलचक दिसतं, पण रोमन लिपीत खालच्या रेघांसकट मोजलं तर बरोबर सोळा. एकही चौकट मोकळी नाही.

धाकटीला जुना कोड साफसूफ करायचं काम दिलं होतं. नावं जुळवून लिहिणारा जो भाग होता, त्यातलं जुनं, धोक्याचं समजलं जाणारं फंक्शन काढून तिने नवं, सुरक्षित घातलं. तपासणीत सगळं हिरवं. (तपासणीच्या यंत्रातली नावं आखूड होती!) मग ते एका ग्राहकाकडे गेलं, आणि तिथे 'ए१' आणि 'ए२' या शेजारच्या दोन खाचांची नावं एकच झाली. दोघींच्याही शेवटी नुसता 'ए'. नोंदी वाचणारा जो प्रोग्राम होता त्याला जुनी नावं पाठ. नुसत्या 'ए'ला तो ओळखेना, म्हणून त्याने त्या नोंदी मुकाट बाजूला टाकल्या. अकरा दिवस एक पट्टी चुका करत राहिली, नोंद होत राहिली आणि कोणी बघितलं नाही. बाराव्या दिवशी यंत्र बंद पडलं. रात्री तंत्रज्ञ धावत गेला, अर्धवट नाव बघून त्याने ए२ बदलली. बिघडलेली होती ए१. दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा बंद.

"पण नवं फंक्शन सुरक्षित होतं म्हणालीस ना?" मी विचारलं.

"सुरक्षितच आहे. म्हणूनच अक्षर खाल्लं त्याने."

इथे मला थोडं मागे जावं लागलं. सी नावाच्या भाषेत शब्द कुठे संपला हे कळायला शेवटी एक शून्य ठेवतात. आपण त्याला पूर्णविराम म्हणू. आता सत्तरच्या दशकातल्या युनिक्समध्ये फाइलच्या नावाला चौदा चौकटी असत. जागा फार महाग, त्यामुळे त्यांनी ठरवलं की नाव चौदाहून लहान असेल तर उरलेल्या चौकटींत शून्यं भरायची, आणि बरोबर चौदाचं असेल तर पूर्णविराम द्यायचाच नाही. वाचणाऱ्याला चौदाचा हिशेब ठाऊकच आहे, तो तिथे थांबेल. या कामाला सोयीचं जे फंक्शन होतं त्याचं नाव स्ट्रएनकॉपी. पुढे झालं काय, की ते फंक्शन चौकटींच्या बाहेरही सगळीकडे वापरायला लागले. पूर्णविराम नसलेलं नाव हाती आलं की वाचणारा थांबतच नाही, शेजारच्या जागेतला मजकूरही नावाचाच समजून वाचत सुटतो. यातून चोरांना दारं मिळाली. म्हणून लिनक्सच्या गाभ्यात २०१५ साली स्ट्रएससीकॉपी नावाचं नवं फंक्शन आलं. ते शेवटची चौकट पूर्णविरामासाठी राखूनच ठेवतं. मधलं एक भावंड होतं, स्ट्रएलकॉपी, त्याला २०२४ साली कर्नलमधून निरोप देण्यात आला. हे सगळं योग्यच आहे. पण सोळा चौकटींत एक पूर्णविरामाची धरली तर अक्षरांना उरतात पंधरा. गेला 'ए१'मधला १.

म्हणजे पोरीने केलं ते शुद्धलेखनच. आणि मला तिथेच, फराळाच्या ताटलीपाशी, रामचंदर आठवला. पण त्याचं नंतर.

मी तिला म्हटलं, असं तुझ्या एकटीच्या हातून थोडंच झालं असेल. ती म्हणाली, "बाबा, पीसी जन्मला तेव्हापासून आहे हे," आणि तिने मला एक तारीख दाखवली. तिच्या लॅपटॉपवर क्यूईएमयू नावाचा प्रोग्राम आहे. तो संगणकाच्या आत दुसरा खोटा संगणक उभा करतो. त्या खोट्या संगणकाच्या फर्मवेअरमध्ये एका ठरावीक जागी लिहिलेलं होतं: ०६/२३/९९. अमेरिकन पद्धत, महिना आधी. म्हणजे २३ जून १९९९.

आता ही तारीख तिथे का? आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये पीसी आणला. त्यातल्या प्रोसेसरला दिसणारी एकूण जागा दहा लाखांच्या थोडी वर, १०,४८,५७६ बाइट. या जागेच्या अगदी शेवटच्या सोळा बाइटमध्ये आयबीएमने तीन गोष्टी ठेवल्या. पहिल्या पाच बाइटमध्ये 'इथून अमुक ठिकाणी उडी मार' ही यंत्राला मिळणारी पहिली आज्ञा. पुढच्या आठ बाइटमध्ये फर्मवेअरची, म्हणजे बायॉसची, तारीख. पहिल्या पीसीत ती होती ०४/२४/८१. मग एक जागा सोडून एका बाइटमध्ये मॉडेलची खूण. (बघा, इथेही चौकटी सोळाच!)

तारीख ठेवली ती दुरुस्तीवाल्या माणसाच्या सोयीसाठी म्हणावी, अशीच वाटते. आपण पुस्तकाच्या पहिल्या पानावर आवृत्ती छापतो तशी. पण तारीख ठरावीक जागी, ठरावीक आठ अक्षरांत आहे म्हटल्यावर प्रोग्राम लिहिणारे ती वाचायला लागले. अमुक तारखेआधीचा बायॉस असेल तर अमुक करू नकोस, नंतरचा असेल तर कर. झालं! त्या दिवसापासून ती कोणाचीच राहिली नाही. आयबीएमच्या यंत्रासारखी यंत्रं बनवणाऱ्यांनी मुकाट्याने त्याच जागी, तशाच तिरक्या रेघा मारून, दोन आकडी साल घालून तारीख लिहिली. २००० साल आलं, दोन आकडी सालाच्या नावाने जगभर बोंब झाली, तरी त्या आठ बाइटमध्ये चार आकड्यांना जागाच नव्हती. पलीकडच्या नवीन तक्त्यांत चार आकडी साल लिहायची सोय झाली, पण सगळ्यांनी तसं लिहिलं नाही. लिनक्समध्ये ती तारीख वाचणारा जो तुकडा आहे तो मी स्वतः पाहिला, धाकटीने ओळ ओळ समजावला. दोन आकडी साल दिसलं तर आधी १९०० मिळव. उत्तर १९९६च्या मागचं आलं तर आणखी १०० मिळव, कारण त्या तक्त्यांचं पहिलं प्रमाणच त्याआधीचं नाही. जुन्या पोथीवर नुसता संवत्सर लिहिलेला असला की आपले इतिहासकार साठ वर्षांचा फेरा लावून शक काढतात, त्याची आठवण झाली.

आणि या तारखेवर कामं अडत होती. संगणकाची वीज, झोप, पंखे यांचा कारभार बघायला एसीपीआय नावाची व्यवस्था १९९६ मध्ये आली. सुरुवातीच्या काही यंत्रांत ती फार गचाळ लिहिलेली होती. म्हणून लिनक्समध्ये अशी सोय केली होती की बायॉसची तारीख ठरावीक सालाआधीची असेल तर एसीपीआयला हातच लावायचा नाही. म्हणजे एका लेबलवरून ठरणार की तुमचा संगणक नीट झोपेल की नाही.

तर ०६/२३/९९. बॉक्स नावाचा एक खोटा संगणक उभा करणारा प्रोग्राम होता, त्याच्या बायॉसमध्ये ही तारीख होती. त्यावरून सीबायॉस तयार झाला आणि तो क्यूईएमयूने घेतला. वाटेत कोडचं किती काय काय बदललं, तारीख तशीच आली. गंमत म्हणजे त्याच सीबायॉसच्या नव्या तक्त्यात दुसरीच तारीख आहे, ०४/०१/२०१४. एक एप्रिल! तीही आवृत्ती बदलली म्हणून हलत नाही. एकाच यंत्राच्या दोन जन्मतारखा, आणि दोन्हीही वयाशी न जुळणाऱ्या. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख जूनमधली का, हे ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिली ती तारीख.

नावाचं सगळ्यात मजेशीर प्रकरण मात्र प्रोसेसरचं. १९९३ मध्ये इंटेलचा पेंटियम आला आणि त्याबरोबर 'तू कोण?' असं प्रोसेसरला विचारायची आज्ञा आली. उत्तर बारा अक्षरांचं, चार-चार अक्षरांच्या तीन खोक्यांत. खोक्यांचा क्रमही सरळ नाही, बी, डी, सी असा आहे. इंटेलने उत्तर ठरवलं 'जेन्युइनइंटेल', खरा इंटेल. मग बाकीच्यांनाही बाराच अक्षरांत बसणं आलं. एएमडीने 'ऑथेंटिकएएमडी' घेतलं, म्हणजे अस्सल. सायरिक्सने 'सायरिक्सइन्स्टेड', म्हणजे त्याऐवजी सायरिक्स घ्या! सगळी रोमन लिपीत मोजून बारा. आणि चीनमधल्या झाओशिनचं नाव ऐका. 'शांघाय'. रोमन लिपीत आठ अक्षरं. मग उरलेल्या चार चौकटींचं काय? पुढे दोन मोकळ्या, मागे दोन मोकळ्या, मधे शांघाय. लिनक्सच्या कोडमध्ये ते नाव तसंच, दोन्हीकडच्या दोन-दोन मोकळ्या जागांसकट लिहिलेलं आहे. उद्या एखाद्या टापटीपवाल्याने 'या मोकळ्या जागा कशाला' म्हणून काढल्या, तर लिनक्सला तो प्रोसेसर परका होईल. मी मुलांच्या वह्यांत शब्दांमधलं जास्तीचं अंतर लाल शाईने जोडत असे. किती वह्या, किती लाल शाई.

या बारा अक्षरांवर लोक किती विसंबतात हे २००८ मध्ये उघड झालं. व्हिया कंपनीच्या नॅनो प्रोसेसरमध्ये हे नाव बदलता येत असे. आर्स टेक्निका या संकेतस्थळाने त्याचं नाव बदलून 'जेन्युइनइंटेल' केलं आणि पीसीमार्क २००५ ही वेग मोजणारी चाचणी पुन्हा चालवली. मेमरीच्या भागाचे गुण जवळजवळ निम्म्याने वाढले. यंत्र तेच, नाव फक्त दुसरं. आडनाव बदललं की गुण वाढतात हे आम्ही शिक्षकांनी कधी ना कधी पाहिलेलं आहे. पण त्या वाटेने गेलो तर हा लेख संपायचा नाही. असो.

आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट. एसीपीआयमध्ये फर्मवेअरला एक प्रश्न विचारता येत असे, 'माझ्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम चालली आहे?' विंडोज ९८ उत्तर देई 'मायक्रोसॉफ्ट विंडोज'. एनटी घराण्यातली विंडोज म्हणे 'मायक्रोसॉफ्ट विंडोज एनटी'. २००० साली मिलेनियम आली, तिचं उत्तर 'मायक्रोसॉफ्ट विंडोजएमई: मिलेनियम एडिशन'. यात विंडोज आणि एमई यांच्यामध्ये मोकळी जागा नाही, जोडून लिहिलेलं आहे. ही छपाईची चूक वाटेल, पण तीच अधिकृत झाली. कारण फर्मवेअर लिहिणाऱ्या काही मंडळींनी काय केलं, तर शब्द ताडून बघण्याऐवजी उत्तराची अक्षरं मोजली! रोमन लिपीत, मोकळ्या जागा धरून, सतरा आली तर ९८, वीस आली तर एनटी, एकोणचाळीस आली तर मिलेनियम. मी स्वतः बोटांवर मोजून पाहिलं, बरोबर आहे. कोणी भला माणूस 'विंडोज' आणि 'एमई' सुटे लिहिता तर चाळीस झाली असती, आणि त्या यंत्रांना आपल्यावर कोण बसलंय हेच कळलं नसतं.

मग लिनक्सने काय करावं? खरं उत्तर 'लिनक्स'. पण त्या फर्मवेअरला ते नाव शिकवलेलंच नव्हतं. नाव अनोळखी म्हटल्यावर ते भलत्याच, कोणी कधी न तपासलेल्या वाटेने जाई. म्हणून लिनक्स त्या प्रश्नाला उत्तर देतं, 'मायक्रोसॉफ्ट विंडोज एनटी'. आजही. मला हे वाचून आधी राग आला. एवढा स्वाभिमानाचा प्रकल्प, आणि दारात उभं राहून दुसऱ्याचं नाव सांगायचं? धाकटी म्हणाली, "बाबा, दार उघडणं महत्त्वाचं." पुढे प्रश्नाची पद्धत सुधारली, 'तू अमुक जाणतोस का?' असं एकेक नाव घेऊन विचारायला लागले. विंडोज एक्सपीसाठी 'विंडोज २००१', व्हिस्टासाठी 'विंडोज २००६', सातसाठी 'विंडोज २००९'. लिनक्स सगळ्यांना हो म्हणतं. मात्र 'तू लिनक्स जाणतोस का?' या प्रश्नाला हो म्हणणं त्यांनी २००७ मध्ये, २.६.२३ आवृत्तीपासून, बंद केलं. फर्मवेअरवाले ते नाव ऐकून एखाद्या जुन्या लिनक्ससाठीची पळवाट घालून ठेवत, आणि लिनक्स तर दर दोन-तीन महिन्यांनी बदलतं. पळवाट कायमची, दोष मात्र तात्पुरता. स्वतःच्या नावाला ओ देणं सोडलं!

एक शेवटचं सांगतो आणि रामचंदरकडे येतो. संगणकाच्या तक्त्यात बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल वगैरे रकाने असतात. पाट बनवणारे त्यात नमुन्यादाखल 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' असं लिहून पाठवतात, म्हणजे 'हे कंपनीने भरावे'. पुष्कळ यंत्रं ते न भरताच बाजारात आली. ज्यांचं नाव अर्जावरच्या 'येथे नाव लिहा'एवढंच आहे अशी यंत्रं! काही स्वस्त टॅब्लेटांत काचेवर बोट कुठे लागलं हे समजायला लिनक्सला नेमका कोणता टॅब्लेट आहे ते कळावं लागतं, आणि तक्त्यात तर काहीच नाही. तेव्हा त्यांनी ओळखीची खूण म्हणून बायॉसची तारीख किंवा आवृत्तीचं नाव धरलं, आणि कोडमध्ये लिहून ठेवलं की बाकीच्या खुणा फार ढोबळ आहेत. आता कारखान्यातल्या कोणी ती तारीख नीटनेटकी करून नव्या पद्धतीने लिहिली, तर कोणाच्या तरी घरी कोपऱ्यावर बोट ठेवलं की भलतीकडेच उमटेल. त्या कारखान्यातल्या माणसाला हे कधी कळणारही नाही.

रामचंदर. सन १९८४. आमच्या शाळेत आठवीचे प्रवेश चालू होते. माझं अक्षर बरं म्हणून जनरल रजिस्टर लिहायला मला बसवलं होतं. एका वाडीवरून बापलेक आले. प्राथमिक शाळेच्या दाखल्यावर नाव 'रामचंदर'. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, वय पस्तीस, महामंडळाचे अठराही नियम पाठ. 'रामचंद्र' असं लिहिलं. वडील समोरच उभे होते. म्हणाले, "गुरुजी, आमच्यात रामचंदरच म्हणत्यात." मी म्हटलं, "म्हणायला काही म्हणा हो, लिहायला शुद्ध पाहिजे." त्यांनी मान डोलावली. गुरुजींना कोण काय बोलणार?

१९८७ मध्ये तो दहावी पास झाला. प्रमाणपत्रावर अर्थातच रामचंद्र. १९९९ मध्ये त्याचे वडील गेले. वारस नोंद करायची वेळ आली तर रेशनकार्डावर, मतदार यादीत, वडिलांनी केलेल्या कागदांत सगळीकडे रामचंदर, आणि हा घेऊन आलेला दाखला रामचंद्रचा. भावांची नावं चढली, याचं राहिलं. प्रतिज्ञापत्र करा, पंचनामा करा, तालुक्याला या, साहेब नाहीत, परवा या. सातबारावर नाव नाही म्हणून सोसायटीचं पीककर्ज मिळालं नाही. एक खरीप त्याने सावकाराच्या पैशावर काढला. अडीच रुपये शेकडा, महिन्याला.

२००१ मध्ये तो माझ्याकडे आला. पिशवीत ओल्या भुईमुगाच्या शेंगा. म्हणाला, "सर, तुमच्या शाळेचं एक पत्र पायजे. दोन्ही नावांचा माणूस एकच हाय असं." मी जनरल रजिस्टर काढलं. माझंच अक्षर, वळणदार, एकही खाडाखोड नाही. 'द्र' तर फारच सुरेख आला होता. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र त्याच दिवशी करून दिलं. नाव कोणी बदललं हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं, मला आजवर विचारायचा धीर झालेला नाही. शेंगा मात्र घेतल्या. नाही कशा म्हणणार?

हे मी त्या दिवशी पहिल्यांदाच घरात कोणाला सांगितलं. धाकटी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग पुढे काय झालं त्याचं? नाव कोणतं राहिलं?"

"दोन्ही. सातबारावर 'रामचंदर उर्फ रामचंद्र' असं आहे."

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. तीही तेच करत होती. जुनी यादी होती तशी, सोळाच्या सोळा चौकटी अक्षरांना, पूर्णविराम नाही, जुना वाचणारा जसा वाचत आला तसा वाचू दे. शेजारी नवी यादी, चौसष्ट चौकटींची, पूर्णविरामासकट. आणि दोन्हींमध्ये कोण कोणाचं ते सांगणारा एक तक्ता. तपासणीसाठी तिने या वेळी मुद्दाम बरोबर पंधरा, बरोबर सोळा आणि सतरा अक्षरांची नावं घातली होती.

"यालाच तुम्ही उर्फ म्हणता?" मी विचारलं.

"आमच्यात अलायस म्हणतात, बाबा."

तोवर आतून हिची हाक आली, चकल्या उघड्या राहून मऊ पडताहेत म्हणून. धाकटीने डबा बंद केला आणि परत येऊन विचारलं, "त्यांना फोन करायचा का दिवाळीचा?" नंबर माझ्या जुन्या डायरीत होता. 'र'च्या पानावर नव्हता, 'वाडी'खाली लिहिलेला सापडला.